जिल्ह्याच्या आराखड्यात वैजापूरच्या कारागिराची नोंद हवी

जागतिक बँकेच्या संचालक मंडळाने डिसेंबर २०२४ मध्ये महाराष्ट्रासाठी १८ कोटी ८२ लाख ८० हजार डॉलरचे कर्ज मंजूर केले. हे कर्ज एखादे धरण किंवा वीजकेंद्र बांधण्यासाठी नाही. विकासाचे नियोजन करण्याची जिल्ह्यांची कुवत वाढावी, त्यासाठी लागणारी आकडेवारी, निधी आणि जाणकार माणसे जिल्हा पातळीवर मिळावीत, गुंतवणूक यावी आणि विशेषतः मागे पडलेल्या जिल्ह्यांत रोजगार वाढावा, असा त्याचा उद्देश सांगण्यात आला आहे. 'महास्ट्राइड' या नावाने हा कार्यक्रम ओळखला जातो. थोडक्यात, परदेशी सहकार्यातून प्रादेशिक विकासाचे एक नवे काम राज्यात सुरू झाले आहे आणि त्याची पायरी मुंबई नसून जिल्हा ही आहे.

अशी बातमी वाचून आपला दुकानदार वर्तमानपत्राचे पान उलटतो. डॉलर, जागतिक बँक, आराखडा हे शब्द त्याला मंत्रालयाचे आणि बड्या कारखानदारांचे वाटतात. आमचे मत नेमके उलट आहे. अशा कार्यक्रमाचा पैसा कोणत्या वाटेने वाहणार, हे काम सुरू होण्याआधीच ठरून जाते आणि ते कागदावर कोणाची नोंद झाली यावरून ठरते. वैजापूरचा बागवान, पिंजारी, मणियार, आतार, तांबोळी, कुरेशी, वेल्डर, सुतार, घरी बसून शिलाई करणारी भगिनी यांची नोंद त्या कागदावर झाली नाही, तर हा कार्यक्रम आपल्या डोळ्यांदेखत जिल्ह्यात चालेल आणि आपण रस्त्याच्या कडेला उभे राहून पाहत राहू.

खैरात नव्हे, कर्ज

पहिली गोष्ट स्पष्ट करून घेऊ. असल्या कार्यक्रमांना आपल्याकडे सरसकट 'परदेशी मदत' म्हणतात. मदत म्हटले की मागणाऱ्याची मान आपोआप खाली जाते. प्रत्यक्षात जागतिक बँक, आशियाई विकास बँक किंवा जपान सरकार यांच्याकडून आपल्याकडे येणारा बहुतेक पैसा कर्जाऊ असतो. तो परत करावा लागतो आणि त्याची फेड सरकारी तिजोरीतून होते. ती तिजोरी कोण भरतो? दुकानदार पक्क्या बिलावर जीएसटी भरतो. वेल्डर लोखंडी पट्टीवर, शिंपी कापडावर, रंगारी रंगाच्या डब्यावर कर देतोच देतो. तेव्हा या कार्यक्रमात आपला वाटा विचारणे म्हणजे कोणापुढे हात पसरणे नव्हे. ज्या कर्जाची फेड आपल्याही खिशातून होणार आहे, त्या कर्जाचा विनियोग कसा होतो हे विचारण्याचा तो सरळ हक्क आहे.

जिल्ह्याने यापूर्वी पाहिलेले

आपल्या छत्रपती संभाजीनगर (पूर्वीच्या औरंगाबाद) जिल्ह्याला परदेशी सहकार्य नवीन नाही. १९९२ मध्ये जपानच्या कर्जातून अजिंठा-वेरूळ संवर्धन व पर्यटन विकास प्रकल्प हाती घेण्यात आला. २००३ मध्ये त्याच्या दुसऱ्या टप्प्याचा करार झाला. लेण्यांचे संवर्धन, विमानतळाची सुधारणा, रस्ते, झाडे लावणे, पर्यटकांच्या सोयी अशी अनेक कामे त्यात होती. वाहनांच्या धुरापासून लेण्यांचा बचाव व्हावा म्हणून अजिंठ्याला येणारी खासगी वाहने फर्दापूरच्या टी-पॉइंटवर थांबवून तेथून बसने लेण्यांपर्यंत जाण्याची व्यवस्था झाली. दुकानेही लेण्यांपासून सुमारे ४ किलोमीटरवर या टी-पॉइंटला आली.

लेणी वाचली पाहिजेत, याबद्दल दुमत नाही. पण व्यापाऱ्याने यातून एक धडा घ्यावा. गिऱ्हाईक गाडीतून कोठे उतरेल, कोणत्या वाटेने चालेल, कोणाच्या दुकानासमोरून जाईल, हे तेथे आराखड्याने ठरवले. दुकानदार कितीही हुशार असला आणि त्याचा माल कितीही चोख असला, तरी गिऱ्हाइकाची वाटच बदलली की त्याच्या धंद्याचे गणित बदलते. म्हणून आराखडा तयार होत असताना व्यापाऱ्याने तेथे हजर असले पाहिजे. तो छापून आल्यावर निवेदने देण्याला फारसा अर्थ उरत नाही.

दुसरे उदाहरण दिल्ली-मुंबई औद्योगिक कॉरिडॉरचे. डिसेंबर २००६ मध्ये भारत आणि जपान या दोन सरकारांत त्याचा सामंजस्य करार झाला. पुढे कॉरिडॉरचे काम पाहणाऱ्या महामंडळात जपान बँक फॉर इंटरनॅशनल कोऑपरेशनने २६ टक्के भाग घेतले. या योजनेतूनच आपल्या जिल्ह्यात शेंद्रा आणि बिडकीन मिळून सुमारे १० हजार एकरांवर 'ऑरिक' ही औद्योगिक नगरी उभी राहत आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते ऑरिक हॉलचे लोकार्पण झाले. जुलै २०२४ मध्ये टोयोटा किर्लोस्करने राज्य सरकारशी येथे मोटार कारखाना काढण्याचा सामंजस्य करार केला. मोठ्या कारखान्याला हजार लहान वस्तू आणि सेवा लागतात. लाकडी खोकी, जाळ्या, लोखंडी मांडण्या, कामगारांचे गणवेश, उपाहारगृहाला भाजी, मांस, पाव, बिस्किटे, वाहनांची डागडुजी, सामानाची ने-आण. यांतले प्रत्येक काम करणारा माणूस वैजापुरात आहे. मात्र कारखान्याचा खरेदी विभाग माणूस पाहत नाही. तो नोंदणी क्रमांक, पक्के बिल, बँक खाते आणि वेळेवर माल देण्याची हमी पाहतो. वैजापूरहून जिल्ह्याच्या शहरापर्यंतचे सुमारे ७० किलोमीटर एस.टी. दोन तासांत कापते. कागदपत्रांचे अंतर कापायला मात्र आपल्याला वर्षे लागत आहेत.

साखळीतील न दिसणारी कडी

शेतीकडे पाहू. जागतिक बँकेच्या ४२ कोटी डॉलरच्या कर्जातून २०१८ पासून नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प मराठवाडा-विदर्भात चालला. २०२० मध्ये त्याच बँकेच्या २१ कोटी डॉलरचा 'स्मार्ट' प्रकल्प आला. २०२१ मध्ये आशियाई विकास बँकेच्या १० कोटी डॉलरचा 'मॅग्नेट' प्रकल्प आला. त्याच्या पिकांच्या यादीत आपल्या भागातील मोसंबी आणि डाळिंबही आहे. शेतकऱ्यासाठी हे सारे आवश्यकच आहे. शेतकरी पिकला तर बाजार पिकेल, हे वैजापूरच्या व्यापाऱ्याला वेगळे सांगायला नको.

पण शेतापासून ताटापर्यंत माल एकट्या शेतकऱ्याच्या हातून जात नाही. मोसंबीची बाग उक्ती घेणारा, तोडणी करवून घेणारा, प्रतवारी लावणारा, कांद्याच्या गोण्या शिवणारा, ट्रक भरणारा, हातगाडीवर फळ विकणारा अशी ही लांब साखळी आहे आणि तिच्यातील अनेक कड्या पिढ्यान् पिढ्या आपल्या बागवान आणि हमाल बांधवांच्या हातात आहेत. 'स्मार्ट'सारख्या प्रकल्पाने शेतकऱ्यांची कंपनी आणि खरेदीदार यांच्या भागीदारीला जागा ठेवली आहे. असा खरेदीदार आपला बागवान होऊ शकतो. प्रत्यक्षात तो शब्दावर माल उचलतो, खिशातल्या चिठ्ठीवर हिशेब ठेवतो आणि रोख देतो. त्याची पत साऱ्या बाजाराला ठाऊक आहे, पण प्रकल्पाच्या कागदाला ठाऊक नाही. परिणामी साखळीचे चित्र काढणाऱ्याला तो दिसतच नाही, किंवा दिसलाच तर 'दलाल' म्हणून दिसतो. ज्याला काढून टाकायचे, असा.

नाव यादीत नसले की काय होते, याचे आणखी एक उदाहरण परदेशी सहकार्याबाहेरचे आहे, पण बोलके आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत. सुतार, लोहार, शिंपी, गवंडी, कुलपे दुरुस्त करणारे त्यात आहेत. त्यांना ५ टक्के व्याजाने आधी १ लाख आणि नंतर २ लाखांपर्यंत विनातारण कर्ज आणि अवजारांसाठी १५ हजार रुपयांची मदत आहे. त्या यादीत कापूस पिंजणारा पिंजारी नाही, बांगड्या करणारा मणियार नाही, वेल्डर नाही. त्यांचे हुन्नर कमी दर्जाचे आहे असे कोणी म्हटलेले नाही. यादी तयार होताना त्यांचा व्यवसाय तिच्यात आला नाही, एवढेच.

युरोपात काय करतात

शेजारच्या देशांनी मिळून प्रदेशाचा विकास करण्याची रीत युरोपने चांगली रुजवली आहे. 'इंटररेग' या नावाचा त्यांचा कार्यक्रम १९९० मध्ये सुरू झाला आणि ठरावीक वर्षांच्या मुदतीने तो पुढे चालत आला. सध्याची मुदत २०२१ ते २०२७ आहे. तेथील पैसा बहुतांशी अनुदानाचा असतो, आपला कर्जाचा असतो, हा मोठा फरक आहे. तरीही कार्यक्रम सुरू करण्याची त्यांची पद्धत आपण पाहण्यासारखी आहे.

एक, कोणत्याही एका देशाच्या संस्थेला एकटीने काम मिळत नाही, किमान दोन देशांचे भागीदार लागतात. दोन, भागीदारांपैकी एक मुख्य भागीदार ठरतो आणि कामाची व हिशेबाची जबाबदारी त्याच्यावर असते. तीन, कार्यक्रमावर देखरेख करणारी समिती असते आणि तिच्या सभासदांची यादी जाहीर करावी लागते. कोणाकडे दाद मागायची हे सामान्य माणसाला त्यामुळे कळते. चार, लहान संस्थांना मोठ्या कागदपत्रांचे ओझे झेपत नाही म्हणून 'लघु प्रकल्प निधी' वेगळा ठेवता येतो आणि त्याचे नियम सोपे असतात. पाच, बहुधा पैसा आधी मिळत नाही. भागीदार आधी खर्च करतो, हिशेब तपासून घेतो आणि मग खर्च परत मिळतो.

यातील पाचवी गोष्ट आपल्याकडच्या प्रकल्पांतही ओळखीची आहे. आधी काम करा, पावत्या द्या, मग अनुदान खात्यावर जमा होईल. म्हणजे ज्याच्याकडे चार-सहा महिने गुंतवायला भांडवल आहे त्यालाच लाभ. लहान माणसाचे घोडे बहुधा येथेच अडते.

वैजापूरचे चित्र

वैजापूर काही आडगाव नाही. रोटेगावचे रेल्वे स्टेशन निजामाच्या काळापासून आहे. कृषी उत्पन्न बाजार समिती आहे, कांद्याचे लिलाव होतात. नांदूर मधमेश्वर जलद कालव्याचे पाणी तालुक्यात आले. आता समृद्धी महामार्गही तालुक्यातून जातो आणि जांबरगावला त्यावर चढण्या-उतरण्याची सोय आहे. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी हा टप्पा सुरू झाला आणि ५ जून २०२५ रोजी शेवटचा टप्पा सुरू होऊन ७०१ किलोमीटरचा संपूर्ण रस्ता खुला झाला.

या रस्त्यावर दुचाकीला आणि तीनचाकीला मनाई आहे. सुरक्षेच्या दृष्टीने ती योग्यच आहे. पण आमचा फेरीवाला दुचाकीवर माल बांधतो आणि फळवाला रिक्षा-टेम्पोत माल भरतो. त्यांच्या तालुक्यातून गेलेला हा मोठा रस्ता त्यांच्यासाठी बंद आहे. लांबच्या गाड्या जुन्या नाशिक रस्त्यावरून निघून वर गेल्या की जुन्या रस्त्यावरचा पंक्चरवाला, गॅरेजवाला आणि चहावाला यांनी काय करावे, याचे उत्तर कोणत्याही आराखड्यात असायला हवे. जांबरगावच्या चौफुलीजवळ अशा कारागिरांना रीतसर गाळे देता येतील काय? तेथून त्यांना मोठ्या गाड्यांची कामे मिळतील काय? हे प्रश्न विचारायला वैजापूरहून कोणी जाणार नसेल, तर ते गाळे उद्या बाहेरच्या पैसेवाल्याच्या नावावर होतील आणि आपला मिस्त्री तेथे रोजंदारीवर जाईल.

प्रशासनाकडे आमची मागणी

नव्या कार्यक्रमात जिल्ह्याचे नियोजन आणि आकडेवारी यांवर भर आहे. म्हणून आमच्या मागण्याही तेवढ्यापुरत्याच आणि साध्या आहेत.

तालुकावार कारागिरांची आणि लहान व्यापाऱ्यांची व्यवसायनिहाय मोजणी व्हावी. ज्या व्यवसायाला सरकारी यादीत नाव नाही, त्याचीही नोंद घ्यावी. घरी बसून नगावर शिलाई किंवा गोधडी करणाऱ्या स्त्रियांना 'गृहिणी' म्हणून सोडून देऊ नये.

जिल्ह्याच्या आराखड्यावर चर्चा होते तेव्हा ती मोठ्या उद्योजकांच्या संघटनांपुरती राहू नये. तालुक्याच्या ठिकाणी, मराठीत, बाजाराचा दिवस टाळून सभा घ्यावी आणि आराखड्याचा मसुदा नगर परिषदेत व पंचायत समितीत वाचायला ठेवावा.

परदेशी कर्जावर चालणाऱ्या प्रत्येक प्रकल्पाची जिल्ह्यातील समिती, तिचे सभासद आणि मंजूर कामे यांची यादी फलकावर लावावी.

लहान गटांसाठी सोप्या नियमांचा वेगळा निधी ठेवावा आणि त्यात काही रक्कम आगाऊ द्यावी.

यासाठी नवा कायदा लागत नाही. राज्यात १९९८च्या कायद्याने जिल्हा नियोजन समित्या आहेत आणि त्यांचे किमान चार पंचमांश सभासद जिल्हा परिषद व नगरपालिकांच्या निवडून आलेल्या सभासदांतून यावेत, असे राज्यघटना सांगते. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा उद्योग मित्र समितीची बैठक होते. मत मागायला दारी आलेल्या नगरसेवकाला नाली आणि पथदिव्याबरोबर हाही प्रश्न विचारावा.

आपल्या अंगावरची जबाबदारी

मागणी करून भागणार नाही. सरकारने उद्या जागा दिली, तर तेथे बसायला आपल्याकडे संस्था आहे काय? एकेका माणसाशी कोणताही प्रकल्प करार करीत नाही.

सहकारी संस्था कायद्याप्रमाणे वेगवेगळ्या कुटुंबांतील १० व्यक्ती एकत्र आल्या तर संस्था नोंदवता येते. दुसरा मार्ग उत्पादक कंपनीचा. ही कंपनी फक्त शेतकऱ्यांची असते असा आपल्याकडे समज आहे. तो चुकीचा आहे. २००२च्या दुरुस्तीने कंपनी कायद्यात आलेल्या तरतुदींत हातमाग, हस्तकला आणि कुटिरोद्योग यांचे उत्पादनही धरले आहे. म्हणजे १० पिंजारी किंवा १० शिलाई करणाऱ्या भगिनी आपली उत्पादक कंपनी काढू शकतात. भगिनींना बचत गटाचाही मार्ग मोकळा आहे. रोम येथील 'इफाड' या संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेच्या साहाय्याने महिला आर्थिक विकास महामंडळ राबवत असलेला नव तेजस्विनी प्रकल्प गटांतील स्त्रियांच्या उद्योगासाठीच आहे.

व्यापाऱ्यांनी उद्यम नोंदणी करून घ्यावी. ती विनामूल्य आहे आणि जुलै २०२१ पासून किरकोळ व घाऊक व्यापाऱ्यांनाही ती खुली झाली आहे. त्यांना मिळणारा लाभ बँकांच्या अग्रक्रम कर्जापुरता आहे, पण सरकारी मोजणीत येण्याची ती पहिली पायरी आहे. दुसरी पायरी हिशेबाची वही. रोज संध्याकाळी दहा मिनिटे बसून लिहिलेली वही तीन वर्षांनी तुमची पत सिद्ध करते.

राहिला भांडवलाचा प्रश्न. आपल्यातील पुष्कळ जण व्याजाच्या व्यवहारापासून दूर राहू इच्छितात आणि म्हणून बँकेची पायरीच चढत नाहीत. अशांना शिरकतीचा, म्हणजे भागीदारीत नफा-तोटा वाटून घेण्याचा, मार्ग परका नाही. गल्लोगल्ली भिशी चालते, लोक दरमहा नेमाने पैसे भरतात, कोणी बुडवत नाही. हीच शिस्त नोंदणी झालेल्या संस्थेच्या भागभांडवलात आणली, तर अनुदान खात्यावर येईपर्यंतचे चार-सहा महिने निभावून नेता येतील.

एक शंका येथे घेतली पाहिजे. 'आमच्या संस्थेला कोण विचारणार?' असे आपले बांधव म्हणतात. त्यामागे अनुभव असेल, तो आम्ही नाकारत नाही. पण त्यावरचा उपाय घरी बसणे हा नाही. संस्था बिरादरीची न काढता धंद्याची काढावी. फळ व्यापाऱ्यांच्या संस्थेत बागवानाबरोबर माळीही असावा, वेल्डरांच्या संस्थेत शेखाबरोबर सोनवणेही असावा. शेजारी शेजारी दुकाने आहेत, एकमेकांकडे उधारी चालते, मग एका कागदावर सह्या करायला अडचण कसली? अशा संस्थेचे म्हणणे बाजूला सारणे कोणत्याही अधिकाऱ्याला सोपे जाणार नाही, आणि धंद्याच्या दृष्टीनेही तीच शहाणपणाची आहे.

जपानचे कर्ज आले, जागतिक बँकेचे आले, आशियाई बँकेचे आले, पुढेही येत राहील. देणारे देश आणि योजनांची नावे बदलतील. प्रत्येक वेळी पहिला प्रश्न एकच विचारला जाईल, की येथे काम करणारे कोण आहेत आणि त्यांची संस्था कोणती? या प्रश्नाचे उत्तर वैजापूरच्या पेठेने आतापासून तयार ठेवावे. येत्या आठवडी बाजाराचे दुकान आवरले की एका धंद्यातील दहा जणांनी एकत्र बसावे, नावे लिहावीत आणि दुसऱ्याच दिवशी तालुक्याच्या सहायक निबंधक कार्यालयातून नोंदणीचा अर्ज आणावा. आराखडा करणाऱ्यांना आपले नाव सांगण्यासाठी आधी ते आपण स्वतः एका कागदावर लिहिले पाहिजे.